मंगळवारचा ताजमहाल

अहल्येचा नवरा रघुपती रेल्वेच्या कचेरीत कारकून होता. रेल्वेच्या माणसाला कुटुंबासह फुकट प्रवासाचा पास मिळतो हे जयनगरच्या आमच्या रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून छप्पन साली त्यानं पास काढून आणला तेव्हा कुणाला काही विशेष वाटलं नाही. अहल्येला मात्र वाटलं. ती देवनहळ्ळीची. लग्न होऊन बेंगळुरात आली तोच तिचा सगळ्यात लांबचा प्रवास.

मी हेमलता, त्यांची शेजारीण. दोन घरांत एक बुटकी भिंत, आणि त्या भिंतीवर कोपरं टेकून आम्ही दोघी रोज बोलायचो. ती मला सांगायची ते ऐकून मला तिचा हेवा वाटायचा. संध्याकाळी कचेरीतून आला की रघुपती पडवीत चटईवर रेल्वेचा नकाशा पसरायचा आणि पेन्सिल तिच्या हातात द्यायचा.

"बोल, कुठनं सुरू करायचं?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"माझं नको. तू सांग. सहल तुझी आहे."

आधी ती लाजायची. मग हळूहळू बोलायला लागली. मद्रासला गाडी बदलायची, तिथून पुरी, मग कलकत्ता, काशी, दिल्ली, आग्रा. येताना मुंबई आणि पुण्यावरून हुबळीच्या वाटेनं घरी. कुठल्या स्टेशनावर रात्र पडेल, कुठं अंघोळीला वेळ मिळेल, सगळं दोघांनी मिळून ठरवलं. बाहेरचं खायचं नाही म्हणून तिनं चटणीपूड कुटली, पोहे भाजून डब्यात भरले. दिल्लीच्या थंडीसाठी माझ्याकडून स्वेटर विणायला शिकली. गळा काही तिला जमेना, तो मीच विणून दिला. लग्नाला पाच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. पण त्या दिवसांत तिची चालसुद्धा बदलली होती.

निघायच्या आदल्या दिवशी होल्डॉल बांधून दारात उभा होता. तिनं भात वाढला, वर सार वाढलं. रघुपतीनं पहिला घास घेतला.

"सारात मीठ जास्त झालंय."

"अगंबाई! घाईत दोनदा पडलं वाटतं. थांबा, पाणी घालून उकळून आणते."

"नको. राहू दे."

तो शांतपणे सगळं जेवला. हात धुतले. मग होल्डॉलचे पट्टे सोडून एकेक कपडा घडी न मोडता ट्रंकेत परत ठेवला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. तिला वाटलं, काही राहिलंय म्हणून उघडतायत.

"ज्या बाईचं चित्त घरातल्या घरात ठिकाणावर नसतं," तो म्हणाला, "तिला घेऊन मी हिंदुस्थानभर फिरू? सरी, असू दे. पुढच्या वर्षी बघू."

एवढंच झालं असतं तर तापट माणूस म्हणून आम्ही सोडून दिलं असतं. पण त्यानं रजा रद्द केली नाही. तो घरीच राहिला. दुसऱ्या दिवशी पडवीत खुर्ची टाकून बसला आणि तिला समोर बसवून म्हणाला, "आज आपण मद्रासला असतो. आत्ता समुद्रावर फिरत असतो." तिसऱ्या दिवशी म्हणाला, "चल, पुरी आली. ऊठ, हमाल बोलाव." पहिल्यांदा ती हसली. थट्टा चाललीय असं तिला वाटलं. तो हसत नव्हता. "हमाल बोलाव म्हटलं ना." ती उठून फाटकापर्यंत गेली आणि परत आली.

काशी ठरली होती त्या दिवशी पहाटे त्यानं तिला मागच्या नळाखाली डोक्यावरून अंघोळ करायला लावली. "गंगास्नान समज," म्हणाला. डिसेंबरातली बेंगळूरची थंडी. मी दूध तापवायला उठले होते. भिंतीपलीकडं ती ओल्या लुगड्यात कुडकुडत उभी होती, आणि हा घोंगडी पांघरून पायरीवर बसला होता. अशी ती सहल सबंध महिनाभर चालली. परतीची गाडी ज्या दिवशी बेंगळुरात यायची होती त्या संध्याकाळी त्यानं तिला विचारलं, "काय, दमलीस?"

त्यानं तिच्यावर हात कधी उगारला नाही. उगारला असता तर आम्हाला मध्ये पडायला काही कारण तरी मिळालं असतं.

पुढच्या वर्षी पुन्हा नकाशा निघाला. मी तिला म्हटलं, "आता कशाला त्याच्या नादी लागतेस?" ती म्हणाली, "या खेपेला खरंच नेतील. स्वतःहून म्हणाले." त्या खेपेला कारण निघालं तिच्या माहेरच्या एका लग्नाचं. त्याच्या पुढच्या खेपेला ती पाहुण्यांसमोर मोठ्यानं हसली म्हणून. एका वर्षी तिनं नकाशासमोर बसायचंच नाकारलं. त्यावर त्यानं तिच्याशी बोलणं टाकलं आणि सगळ्यांना सांगत सुटला, "एवढा पास मिळतो, पण आमच्या घरात हौसच नाही." शेवटी तीच पेन्सिल घेऊन त्याच्याजवळ गेली.

पाहुणे आले की तो तिला बाहेर बोलवायचा. "आमच्या हिला सबंध हिंदुस्थान पाठ आहे. म्हण गं, कलकत्त्यापासून काशीपर्यंत म्हण." ती हातातला कॉफीचा ट्रे तसाच धरून स्टेशनांची नावं म्हणायची. लोक टाळ्या वाजवायचे. कुणीतरी विचारायचं, "मग कधी जाऊन आलात?" तेव्हा तो तिच्याकडं बघायचा, आणि उत्तर तिलाच द्यावं लागायचं.

एकसष्ट साली तो खरोखर गेला. त्याची मोठी बहीण भाग्यलक्ष्मी विधवा होऊन त्याच्याकडंच राहायला आली होती. आम्ही सगळे तिला भाग्यक्का म्हणायचो. तिचं नावही पासवर घालता आलं. जाणार तिघं, असं शेवटच्या सकाळपर्यंत ठरलेलं. टांगा दारात आला. भाग्यक्का चढली, सामान चढलं. अहल्या चपला घालून पायरीवर आली तेव्हा रघुपती टांग्यातून म्हणाला, "घर कोण सांभाळणार? तुळशीला पाणी कोण घालणार? आणि तुला तर सगळं पाठच आहे. तुला बघायची काय गरज?" भाग्यक्का तोंडाला पदर लावून हसली. टांगा गेला. अहल्येनं चपला काढून जागेवर ठेवल्या आणि दार लावून घेतलं.

ते दोघं परत आल्यावर तिनं भाग्यक्काचे पाय चेपता चेपता विचारलं होतं, "अक्का, काशी कशी असते?"

"काय असायचंय? गर्दी. आणि तांदूळ बरा नाही मिळत," भाग्यक्का म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

चौसष्टच्या पावसाळ्यात रघुपतीला अर्धांगवायू झाला. कचेरीतच पडला. उजवी बाजू गेली, जीभ लुळी पडली. एक डावा हात तेवढा हलायचा. अहल्या त्याचं सगळं करत होती: अंग पुसणं, भरवणं, मळलेले कपडे धुणं. तिच्या तोंडून कुरकुरीचा एक शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, "असेच राहतील. वर्षंही काढतील."

त्याच डिसेंबरात तिचा धाकटा भाऊ उपेंद्र आपल्या बायकोला, प्रतिमाला घेऊन देवनहळ्ळीहून आला. मुलांना आजीकडं ठेवून दोघं उत्तरेकडं सहलीला निघाले होते. आग्र्याला त्याचा एक जुना मित्र फत्तेसिंग लष्करात होता, त्याच्याकडं उतरायचं होतं. उपेंद्र जरा भीतभीतच म्हणाला, "अक्का, तूही चल. भाग्यक्का बघतील महिनाभर."

मी तेव्हा तिथंच होते. अहल्या उठून रघुपतीच्या खाटेजवळ गेली. "उपेंद्र मला न्यायला आलाय," ती म्हणाली. "मी जाते."

त्यानं डाव्या हातानं तिच्या पदराचं टोक धरलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तोंडातून नुसता घोगरा आवाज. मी त्या माणसाला आठ वर्षं मनातून शिव्या दिल्या होत्या. पण त्या घटकेला मला ते बघवेना. तिला बघवत होतं. तिनं खाली वाकून त्याचं एकेक बोट उचलून पदर मोकळा केला आणि तो हात पांघरुणाखाली सारला. भाग्यक्का ओरडत राहिली, "अगं, माणूस मरायला टेकलाय!" अहल्या म्हणाली, "तुम्ही आहात की. तुम्हाला त्यांच्याबरोबर राहायची सवय आहे."

पुढचं मला प्रतिमानं सांगितलं. मद्रास झालं, पुरी झाली, कलकत्ता, काशी, दिल्ली झाली. अहल्या गाडीत खिडकीपाशी बसायची आणि फार बोलायची नाही. आग्र्याला पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, फत्तेसिंगच्या दारात तारवाला आला. तार फत्तेसिंगनं वाचली आणि उपेंद्रच्या हातात दिली. रघुपती गेला होता. दहन झालं होतं.

उपेंद्र रडायला लागला. "अक्का, आवर. संध्याकाळच्या गाडीनं निघू."

"उद्या निघू," ती म्हणाली. "आज ताजमहाल बघायचाय."

"अक्का, तुला कळलं ना मी काय म्हणालो?"

"कळलं. दहन काल झालं. आज निघालो काय, उद्या निघालो काय, ते काही परत उठून बसणार नाहीत. बाराव्याच्या आत पोचतो आपण."

तिनं अंघोळ केली. हिरवं काठापदराचं लुगडं नेसली. कपाळावर रोजच्यापेक्षा मोठं कुंकू लावलं आणि फत्तेसिंगच्या बागेतलं गुलाबाचं फूल केसात खोवलं. प्रतिमा म्हणाली, "मला जायचं नव्हतं, पण त्यांना एकटं कसं सोडायचं म्हणून गेले." उपेंद्र दरवाजाबाहेरच बसून राहिला. अहल्या सगळीकडं हिंडली. थंडगार संगमरवरावर हात फिरवला. मागच्या बाजूला नदीकडं तोंड करून पुष्कळ वेळ बसली. बाहेर आल्यावर दुकानातून पेठा घेतला आणि तिथंच उभं राहून खाल्ला; जन्मात कधी बाहेरचं न खाल्लेल्या बाईनं. एक तुकडा प्रतिमापुढं धरला, तो तिच्यानं घेववला नाही.

परत आल्यावर फत्तेसिंगच्या अंगणातल्या दगडावर तिनं आपल्या हातानं बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, आणि म्हणाली, "चला, सामान बांधूया."

गाडीत उपेंद्र तिला सारखा पढवत होता. "तार उशिरा मिळाली म्हणून सांग. फत्तेसिंग सांभाळून घेईल." ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

जयनगरला घर माणसांनी भरलेलं होतं. मीही होते. भाग्यक्का उंबऱ्यात उभी राहिली. "तार कधी मिळाली?"

"मंगळवारी सकाळी."

"मग निघालीस कधी?"

"बुधवारी. मंगळवारी ताजमहाल बघितला."

उपेंद्रनं डोळे मिटून घेतले.  भाग्यक्कानं आत जाऊन अहल्येची ट्रंक ओढत आणली आणि पायरीवरून खाली ढकलली. कुणी मध्ये पडलं नाही. मीही नाही, माझ्या सासूबाईंनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. अहल्येनं ट्रंकेची एक कडी धरली, दुसरी उपेंद्रनं, आणि बहीणभाऊ बसच्या रस्त्याला लागले. बाराव्याला तिला कुणी बोलावलं नाही.

दीडेक वर्षानं मी हेब्बाळच्या एका नातेवाइकांकडं गेले होते. तिथून बस धरून देवनहळ्ळी गाठली, घरी न सांगता. प्रतिमानं मला पुढच्या खोलीत बसवलं, कॉफी दिली. अहल्या मागं न्हाणीघरापाशी चुलीत काटक्या सारत होती. अंगावर फिकं लुगडं, हाताला भेगा. घरातलं सगळं काम ती करायची, आणि सणासुदीला, लग्नकार्याला तिला मागच्या खोलीत बसवायचे. गावभर ती गोष्ट झाली होती. प्रतिमाच्या धाकट्या बहिणीला दोनदा स्थळं येऊन फिरली, ती हिच्यामुळं, असं घरात बोललं जायचं, तिला ऐकू जाईल अशा आवाजात.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "खोटं का नाही बोललीस गं? एक शब्द खोटा बोलली असतीस तर आज आपल्या घरात असतीस."

"मग तो मी चोरून बघितल्यासारखा झाला असता," ती म्हणाली.

थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "शेवटी काही बोलले का?"

मला सांगावं की नको कळेना. शेवटच्या आठवड्यात रघुपती दाराकडं बघून "अ... अ..." करायचा. भाग्यक्का म्हणायची, मलाच हाका मारतोय, अक्का म्हणतोय. पण भाग्यक्का समोर येऊन बसली की तो मान फिरवायचा आणि पुन्हा दाराकडं बघायचा. मी तिला हे सगळं सांगितलं.

"म्हणजे मला बोलवत होते?"

"होय."

"रोज?"

"रोज. अगदी शेवटच्या दिवशीही."

तिनं चुलीतलं लाकूड जरा पुढं सारलं. जाळ तिच्या तोंडावर आला. "बरं झालं," ती म्हणाली.

 आतून प्रतिमाची हाक आली, "अक्का, पाणी तापलं का? मुलं खोळंबलीयत." अहल्येनं हंड्यात बोट घालून बघितलं, पदरानं त्याचा काठ धरला आणि हंडा उचलून ती न्हाणीत गेली.