भिंतीकडे तोंड करणारा हेमराज

मोबाईल दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या मृत्यूची बातमी मला मोबाईलवर कळली नाही. गावाच्या ग्रुपवर ती सकाळीच पडली होती म्हणे, हात जोडलेल्या चित्रांसह. पण हेमराज त्या ग्रुपवर नव्हता, आणि त्याच्या नादाने मीही नव्हतो. दुपारी शेजारचा माणूस सायकल टेकवून सांगायला आला, "गुरुजी, तुमचा हेमराज गेला ना जी. दुकानातच. छातीत दुखलं अन् बसल्या जागी..." मी चप्पल घालून निघालो तेव्हा अंत्ययात्रा मोक्षधामाला पोचली होती. अख्ख्या आमगावात शेवटचा पोचणारा मीच. त्याने मला चार वर्षांपूर्वी बजावलं होतं की त्याने करून दिलेल्या फोनने काही गोष्टी उशिरा कळतील. तेव्हा मी मान डोलावली होती.

स्टेशनरोडला त्याचं दुकान. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं, एवढंच. मी शाळेतून निवृत्त झालो त्या वर्षी फोनची फुटलेली काच बदलायला पहिल्यांदा गेलो. त्याची एक पद्धत होती. फोन तपासायला उघडावा लागला की तो गिऱ्हाइकाकडे फोन सरकवायचा, "टाका नंबर" म्हणायचा आणि स्टुलावर गर्रकन वळून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून बसायचा. गिऱ्हाईक "झालं" म्हणेपर्यंत वळायचा नाही. म्हाताऱ्या बाया तोंडाने नंबर सांगायला लागल्या की कानावर हात ठेवायचा. लोक हसत. मीही हसलो होतो. पुढे एकदा त्याने कारण सांगितलं. तरुणपणी तो नागपूरला एका दुकानात कामाला होता. तिथे दुरुस्तीला आलेल्या एका बाईचे फोटो कामगारांनी एकमेकांना दाखवले. त्यातले दोन यानेही पाहिले. "मी पायले, गुरुजी. दुसऱ्यायचं काऊन सांगू?" दुसऱ्या दिवशी नोकरी सोडून तो घरी आला.

तेव्हापासून त्याचं ते खूळ सुरू झालं. खूळ हा शब्द माझा. तो 'सफाई' म्हणायचा. कंपनीने फोनमध्ये भरून दिलेलं सगळं पुसायचं आणि जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कोणालाही उघडून तपासता येईल अशी मोकळी प्रणाली टाकायची. नकाशाही लोकांनीच बनवलेला, इंटरनेटशिवाय चालणारा. दिवसभरात आपण कुठे कुठे गेलो हे जो कोणालाच कळवत नाही, असा फोन. आमगावात हे कोणाला हवं होतं? दहा वर्षांत त्याने असे फोन केले असतील हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातला एक माझा, आणि तोही मी हौसेने केला नाही. ते सांगायलाच हवं.

हेमराजला दुसरा नाद सारसांचा. आमच्याकडे हा पक्षी धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतातच घरटं करतो, ऐन रोवणीच्या, भातलावणीच्या दिवसांत. शेतकऱ्याचा तेवढा तुकडा वाया जातो, म्हणून कोणी घरटं मोडतो, कोणी अंडी उचलतो. हेमराज रोवणीच्या आधी एकेका शेतकऱ्याला फोन लावायचा, गोडीगुलाबीने तेवढी जागा सोडायला लावायचा. एका वर्षी तो मला झनकलाल नावाच्या शेतकऱ्याच्या बांधीवर घेऊन गेला. दोन अंडी होती. मादी बसलेली, नर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभा. मी लांबून फोटो काढला. आयुष्यात मी काढलेला तेवढा एकच फोटो चांगला आला असेल. तो मी फोटोवाल्यांच्या एका ग्रुपवर टाकला. बारीक होऊन फाटू नये म्हणून मूळ फाईलच पाठवली. गावाचं नाव मी मुद्दाम लिहिलं नव्हतं, त्याचा मला अभिमानही होता.

तिसऱ्या दिवशी बांधीजवळच्या रस्त्यावर चार गाड्या उभ्या. लोक चिखलात उतरले, जवळ गेले. जोडी उठली ती परत आली नाही. अंडी कुत्र्यांनी खाल्ली. हेमराज संध्याकाळी घरी आला, पाणीही न घेता माझा फोन मागितला आणि त्या फोटोचा तपशील उघडून समोर धरला. फोटोच्या पोटात जागा लिहिलेली होती, बांधीसकट. "तुमी पत्ता देल्ला, गुरुजी. मनानं नाई देल्ला, मले मालूम आहे. पन देल्ला." आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला भांडता तरी आलं असतं. दुसऱ्या दिवशी तो मला झनकलालकडे घेऊन गेला. मी माफी मागितली. झनकलाल बैलांना चारा टाकत राहिला.

त्याच आठवड्यात माझ्या फोनची सफाई झाली. पूर्ण दुपार गेली. शेवटी नंबर ठेवायची वेळ आली तेव्हा म्हणाला, "तीन आकडे दोनदा टाका, भुलनार नाई. अन् मले सांगू नका." आणि वळला भिंतीकडे. बँकेचं अ‍ॅप त्या फोनवर चालेना म्हणून मी त्याच्याशी आठ दिवस बोललो नाही, हेही खरं. पुढे सगळं सुरळीत झालं. रोज चहा, रोज गप्पा. पण त्याने मला पुन्हा एकही घरटं दाखवलं नाही. "यंदा किती जोड्या?" विचारलं की म्हणायचा, "आहेत." बस. चार वर्षं मी ते 'आहेत' ऐकलं. मला त्याचा राग यायचा. माणूस चुकतो, मग काय जन्मभर दाराबाहेरच ठेवायचं?

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी त्याच्या बायकोने, सुलोचनावहिनींनी बोलावलं. त्याचा फोन समोर ठेवला. "रोवण्या लागल्या, गुरुजी. त्यायचे फोन जात होते सगळ्यायले. यंदा कोनं करावं?" नावं, नंबर, बांध्या सगळं फोनमध्ये; दुसरीकडे कुठे प्रत ठेवायची नाही हा त्याचाच नियम. हेमराजच्या भाच्याने तो फोन गोंदियाला नेऊन पाहिला होता. दुकानदार म्हणाला, "फॉर्मॅट मार देता हूँ, एकदम नया जैसा हो जाएगा।" वहिनींनी परत आणवला. "ते म्हनत होते, मले काही झालं तं फोन गुरुजीले देजो, त्यायले नंबर मालूम आहे." मला कुठला मालूम? तो माझ्या नंबराकडे पाहत नव्हता, मी त्याच्या नंबराकडे पाहत नव्हतो. आणि ठरावीक वेळा चुकला की असा फोन स्वतःला पुसून टाकतो, हे त्यानेच मला शिकवलेलं.

दोन दिवस फोन माझ्या टेबलावर पडून होता. वाढदिवस, लग्नाचं साल... एकही टाकायचा धीर झाला नाही. मग वाटलं, उलट बाजूने विचार करावा. आम्हा दोघांना ठाऊक असलेला आकडा कोणता? एकच होता. झनकलालच्या बांधीचा गट नंबर. हेमराज बांध्या गावाच्या नावाने नाही, गट नंबराने ओळखायचा, आणि तो नंबर त्या दिवसानंतर आम्ही कधी उच्चारला नव्हता. मी विसरणं शक्य नव्हतं. तीन आकडे, दोनदा. फोन पहिल्या खेपेला उघडला. मला रडू आलं नाही. लाज वाटली, आणि मग, खरं सांगतो, फार बरं वाटलं.

यादीत चौदा नावं होती. प्रत्येकापुढे शेरे. 'याची बायको समजदार, तिच्याशी बोलायचं.' 'याले आधी बैलाची तब्येत विचारायची, मंग सारस.' स्वतःसाठी कोणी असं लिहून ठेवत नाही. सगळ्यात वर झनकलाल होता. त्याच्यापुढे फक्त 'दरवर्षी' एवढंच.

दुपारी वहिनींकडून किल्ली घेऊन मी दुकान उघडलं. स्टुलावर बसलो. माझ्या फोनवरून लावला असता तर अनोळखी नंबर झनकलालने उचलला नसता, म्हणून हेमराजच्याच फोनवरून लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"बोला हेमराजभाऊ! काऊन जी यंदा एवढा उशीर? जोडी आठ दिवसांपासून येऊन राहिली. मी तेवढा तुकडा सोडूनच रोवना केला. तुमचीच वाट पाहून राहिलो."

म्हणजे ती जोडी परत आली होती. त्याच बांधीत, दरवर्षी. मला त्याने सांगितलं नव्हतं. मी कॅलेंडरकडे तोंड केलं. ते अजून तो गेला त्याच महिन्यावर होतं. मग मी कोण बोलतोय ते सांगितलं आणि हेमराज गेल्याचं सांगितलं. पलीकडून बांधीतल्या पाण्याचा आवाज येत होता.

"गुरुजी," झनकलाल म्हणाला, "फोटो नाई काढान ना जी?"

"नाही काढणार," मी म्हणालो, आणि यादीतलं दुसरं नाव काढलं.