बाईंना फोटो हवाय

आमच्या शाळेत फोटोशिवाय पान हलत नाही. मुलांनी हात धुतले, काढा फोटो. रोप लावलं, काढा फोटो. त्या रोपाला उद्या पाणी कोण घालणार ते विचारू नका, फोटो वर गेला की झालं. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही तोच खाक्या. सरावलीतले आमचे पालक बहुतेक कारखान्यांत राबणारे, कित्येकांकडे धड फोनही नाही. मग शाळेत शेजाऱ्याचा नंबर द्यायचा, ही इथली रीत. आम्हीही तो बिनदिक्कत ग्रुपमध्ये घेतो. शेजारी म्हणजे अर्धा पालकच, अशी समजूत.

माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. घर डोंगरातलं. पावसात मायलेकी भात लावायला गावी जायच्या, एरवी आई इथे कंपनीत पॅकिंगला. वडील नव्हते. एकदा मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी आली.

"बाई, कालचा फोटो आवडला का?"

"कसला फोटो गं?"

"तुमी मागितला तो. शेजारचा काका बोलला, बाईंना तुजा एकटीचा फोटो पायजे. त्याच्या रूमवर काढला. उद्या आनखी काढायचाय. आई कामावर गेली की ये बोलला. आईला सांगायचं नाय."

मी कुठलाही फोटो मागितला नव्हता. हा काका म्हणजे तिच्या आईने शाळेत ज्याचा नंबर दिला होता, तोच शेजारी. त्याने अंगाला हात लावला का, हे मी कसंबसं विचारलं. "नाय. फक्त दार लावलं," ती म्हणाली आणि डबा खायला पळाली.

मी तडक मुख्याध्यापकांकडे गेले. शिरगावचे, चिकूची वाडी असलेले, स्वभावाने भले गृहस्थ. पण भल्या माणसांचंच अशा वेळी पाणी होतं.

"काही घडलेलं नाही ना मॅडम? मग झाकली मूठ सव्वा लाखाची. शाळेचं नाव जाईल."

"सर, उद्या घडेल."

मुलांच्या संरक्षणाच्या कायद्याचं प्रशिक्षण आम्ही दोघांनीही तालुक्याला घेतलं होतं. बाकी सगळं पालथ्या घड्यावर पाणी, पण एक वाक्य डोक्यात अडकलं होतं: असं काही घडेल अशी शंका आली, तरी पोलिसांना कळवावंच लागतं, गप्प बसणं हाच गुन्हा. मी ते वाक्य सरांना ऐकवलं.

मी धीट वगैरे नाही. त्या माणसाकडे माझा नंबर होता, आणि माझ्या डीपीवर मी नि माझी लेक. उमरोळीला घरी जाताना रस्त्यावर माझी स्कूटर एकटीच असते. शंका खोटी निघाली तर? खरी निघाली तर?

आईला कंपनीच्या गेटवरून बोलावून घेतलं. ऐकताच तिने आधी तेच विचारलं.

"बाई, रूम त्याच्याच वळखीनं मिळाली. आमी जायाचं कुठं?" मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "चला. पोरीपेक्षा रूम मोठी नाय."

आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो. सर मागून आले, उशिरा का होईना. मायलेकींची राहायची सोय त्यांनीच ओळखीच्या घरी केली. तोवर तो माणूस गुपचूप ग्रुपमधून बाहेर पडला होता. त्याला कुणी सांगितलं, हे मला अजून कळलेलं नाही, आणि रस्त्यात मागे मोटरसायकल आली की मला तेच आठवतं. पोलिसांनी त्याला पकडलं. त्याच्या मोबाइलमध्ये आमच्या ग्रुपवरचे फोटो सापडले. प्रत्येकातून बाकीची मुलं कापून फक्त ती ठेवलेली. सगळे मीच पाठवलेले.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यातल्या महिला अधिकारी मुलीशी बोलायला शाळेत आल्या. आई शेजारी बसली होती, मी दाराशी. अधिकारी फार मायेने विचारत होत्या.

"बाळा, त्या काकाला तू ‘नको’ असं का नाही म्हणालीस?"

मुलीला प्रश्नच कळेना. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

"काकाला नाय म्हनली असती ना," ती म्हणाली. "पण फोटो तर बाईंनी मागितलेला."

अधिकाऱ्यांनी ते तसंच लिहून घेतलं.