अंगणात उघडलेलं इंजिन

डॉक्टरांनी बाहेर येऊन मान हलवली तेव्हा सून माझ्या गळ्यात पडून रडली. मला रडू आलं नाही. हे जाऊन महिना झाला, तरी भेटायला येणारे सांगतात, "काका म्हणजे काय हुन्नरी माणूस!" ऐकून माझं डोकं फिरतं.

हे अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि आमच्या अंगणाचं गॅरेज झालं. आमची जुनी गाडी चढाला दम टाकायची. गॅरेजवाला म्हणाला, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बदलाव्या लागतील, गाडी ठेवून जा. यांनी स्प्रिंगा त्याच्याकडूनच घेतल्या आणि "बसवायचं तुला काय कळतं?" असं त्याला चारचौघांत सुनावून घरी आले. माझी कपडे वाळत घालायची दोरी सोडून प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये कोंबली. आतून दोरीचा टेकू असला की व्हॉल्व्ह खाली पडत नाही म्हणे. माझे पिळलेले कपडे बादलीतच.

तेवढ्यात नामपूरहून भावाचा फोन. "ताई, माय तुनी वाट दखी ऱ्हायनी. लवकर ये." आई अंथरुणाला खिळली होती, पण असा फोन कधी आला नव्हता. मी पिशवी भरली, बसने जाते म्हटलं. हे उखडले, "घरची गाडी असताना बसने? सासरवाडीत माझी शोभा करतेस? संध्याकाळी निघू." आणि लगेच यांच्या हातून स्प्रिंग निसटली. तिला जागेवर धरणारं, हरभऱ्याच्या डाळीएवढं लॉक उडालं ते उडालंच.

"अहो, दुसरं आणा ना!"

"इथंच असणार. जाईल कुठं?"

दुसरं मागायचं तर त्याच गॅरेजवाल्याच्या दारात जावं लागलं असतं... ते कसं जमणार! अंधार पडेपर्यंत हे अंगणात लोहचुंबक फिरवत बसले, सकाळी उठून पुन्हा तेच. दुपारी भावाचा फोन आला. आई गेली होती. मी फोन कानाला लावून उभी, आणि अंगणातून हे आनंदाने ओरडले, "सापडलं!"

गाडी जोडून झाल्यावरच आम्ही निघालो. भावडबारीच्या घाटात हे माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ, आता कशी ओढतेय!" त्या दिवसाबद्दल पुढे कधी एक शब्द बोलले नाहीत. मला तेव्हा राग आला होता, आजही आहे, आणि हे गेले म्हणून तो तसूभरही कमी झालेला नाही.

परवा भावाकडे निघाले. मुलाने गाडी बाहेर काढली, एका किल्लीत सुरू झाली. "बाबांचा हात बघ आई, जराही आवाज नाही!" खरंच नव्हता... त्याचाच तर संताप येतो. मी पिशवी उचलली. "मी बसने जाते," म्हटलं. अडवायला या वेळी हे नव्हते.