मामा आणि मुंगीच्या मिशा

झुरळाशी सभ्यपणे वागणारा माणूस अख्ख्या भाईंदरात एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले, मुंबईतली दोन खोल्यांची जागा सोडून भाईंदर पश्चिमेला फ्लॅट घेऊन राहिले, आणि नव्वद सालच्या आसपास त्यांच्याच शब्दावर आम्हीही त्यांच्या बिल्डिंगमध्ये आलो. माणसं जागा घेताना पाणी किती येतं, स्टेशन किती लांब, असलं विचारतात. मामांनी मला जागेचा गुण सांगितला तो असा : "खाडी जवळ, मिठागरं जवळ. कीटकांची व्हरायटी उत्तम आहे." पाणी दिवसाआड येतं हे आम्हाला सामान उतरवल्यावर कळलं.

उरलेलं आयुष्य त्यांनी एकाच प्रश्नाला वाहून टाकलं होतं : किड्याला चटका कसा कळतो? हा प्रश्न त्यांना जिन्यात, बारशाला, कुठेही सुचायचा आणि समोर असेल त्याला उत्तर ऐकून घ्यावं लागायचं. मला ते अजून पाठ आहे. कीटकाचं अंग एवढंसं, तापायला वेळच लागत नाही. "हत्तीला विचार करायला सवड आहे, मुंगीला नाही." म्हणून मुंगीच्या मिशांमध्ये ऊन आणि गारवा ओळखणारे मज्जातंतू असतात, ती आधी मिशा पुढे करते, मग पाय. तरीही पाय पडलाच, तर चटक्याची खबर डोक्यापर्यंत जायची वाट कोणी बघत नाही. पायांच्या प्रत्येक जोडीसाठी छातीत मज्जातंतूंची वेगळी गाठ असते, ती परस्पर पाय मागे ओढते. "झुरळाचं डोकं उडवलं तरी त्याचा पाय चटक्यापासून मागे सरतो," हे त्यांनी माझ्या धाकट्या भावाला बघायला आलेल्या मंडळींना पोहे खाता खाता समजावून सांगितलं. त्या मंडळींनी पुढे काहीच कळवलं नाही.

या ज्ञानाचा पहिला फटका मामीच्या स्वयंपाकघराला बसायचा. दुधाचं पातेलं गॅसवर चढलं की ओट्यावरून मुंग्यांची रांग त्या दिशेने निघायची आणि मामा चष्मा सावरून वाकायचे. "ही बघ, थांबली. मिशा हलवतेय. आता वळेल." मुंगी वळायची आणि दूध उतू जायचं. मामी फडकं घेऊन यायची. "मुंगीला कळतं, तुम्हाला तेवढं कळत नाही," एवढंच बोलून ती ओटा पुसायला लागायची. झुरळं मारायला मोरीच्या पाइपात उकळतं पाणी ओतायची मात्र तिला बंदी होती. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्याच मोऱ्यांत ते ओतायचा ठराव आला, तेव्हा मामा उठून उभे राहिले. आमचे सेक्रेटरी गुजराती, स्वभावाने थंड. "मास्टरजी, कॉकरोच को क्या मालूम पड़ता है?" त्यांनी विचारलं. मामांनी आपल्या खास हिंदीत उत्तर दिलं, "मालूम पड़ता है. दुखता है ऐसा मैं नहीं बोलता, वो अभी साबित नहीं हुआ. लेकिन मालूम पड़ता है." पुढे मिशांपासून सुरुवात झाली. ते छातीतल्या गाठींपर्यंत पोहोचले तेव्हा सतरंजीवर सेक्रेटरी आणि मी असे दोघेच उरलो होतो, आणि ठराव राहूनच गेला.

रविवारी ते उत्तनला जायचे. लोक तिकडे मासळी आणायला जातात, मामा मासळीवरच्या माश्या बघायला जायचे. ऊन चढलं की वाळत घातलेल्या बोंबलांवरच्या माश्या उठून होड्यांच्या सावलीत कधी जातात, हे त्यांना बघायचं असे. तिथली एक कोळीण त्यांना ओळखून होती. "मास्तर, बोंबील घ्याचं हाय का न्हाय? का नुसत्या माश्याच बघाच्या?" असं ती म्हणाली की मामा ओशाळून जुडी घ्यायचे. एकदा मी बरोबर गेलो होतो. मामांनी चपला काढून हातात घेतल्या. "मुंगी अनवाणी चालते. चपला घालून मी तिची काय परीक्षा घेणार?" मीही चपला काढल्या आणि दोन पावलांत त्या वाळूवर नाचायला लागलो. मामा देवळात उभं राहावं तसे उभे होते. ती कोळीण माझ्याकडे बघून हसत होती, त्यांच्याकडे बघून नव्हे.

मे महिन्यात हेच गच्चीवर सुरू झालं. बिल्डिंगमधल्या बायका भर दुपारी कुरडया उलटायला वर जायच्या, त्या चपला घालूनही भराभर पाय उचलायच्या. मामा कठड्यापाशी अनवाणी, मुंग्यांची रांग सावली धरून कशी जाते ते बघत तासतास उभे. ही बातमी जिन्यातून उतरता उतरता वाढली. मास्तरांना ऊन लागत नाही, मास्तरांनी देह जिंकलाय, त्यांचं ते किड्यामुंग्यांवरचं प्रेम म्हणजे भूतदया आहे, आपल्याला ओळखता आलं नाही, असं सगळ्यांचं ठरलं. जिन्यात लोक वाकून नमस्कार करू लागले. मामा गोंधळून प्रत्येकाला मुंगीच्या मिशांबद्दल सांगायचे, आणि तेही लोक आता हात जोडून ऐकायचे.

गुरुपौर्णिमेला अवकाश होता, पण तेवढं थांबायला कोणी तयार नव्हतं. एका गुरुवारी मी मामांकडे बसलो असताना दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी तांब्या, ताम्हण, हळदकुंकू घेऊन मामांचे पाय धुवायला आल्या. मामा नको नको म्हणत होते. मामीला मात्र मनातून बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत नवऱ्याचं कौतुक करायला प्रथमच कोणीतरी घरी आलं होतं. तिने त्यांना पाटावर बसवलं आणि पाय उचलून ताम्हणात ठेवला. वहिनींनी पाणी घातलं, आणि ताम्हणातलं पाणी लाल झालं. मामीने पाय उलटा करून पाहिला. तळव्यावर मोठा फोड येऊन फुटला होता आणि आत पार मांस दिसत होतं. "दुखत नव्हतं?" तिने विचारलं. "नाही," मामा म्हणाले. मग त्यांनी पूजेतली उदबत्ती उचलली, कॉलेजात झुरळाच्या पायाजवळ न्यायचे तशी सावकाश तळव्याजवळ नेली, आणि टेकवली. पाय हलला नाही. ते वाट बघत राहिले. मामीने त्यांच्या हातातून उदबत्ती हिसकावून घेतली. मला आधी मामांची भीती वाटली आणि मग फार वाईट वाटलं.

साखर कित्येक वर्षांची निघाली. तिने पायांतल्या मज्जातंतूंची वाट लावली होती आणि मामांनी स्वतःचं रक्त कधी तपासलंच नव्हतं. पाय घोट्यापासून काढावा लागेल असं डॉक्टर म्हणाले. मामीने महिनाभर रोज जखम धुतली, गोड बंद केलं, मामांना घरातसुद्धा चपलेशिवाय पाऊल टाकू दिलं नाही. शेवटी करंगळीवर निभावलं. वहिनी पुन्हा ताम्हण घेऊन आल्या नाहीत, पण त्यांच्याकडून मामांसाठी पथ्याचं जेवण कितीतरी दिवस वरून येत राहिलं.

तेव्हापासून मामांच्या आंघोळीची एक पद्धत पडली. मामी बादली भरून ठेवायची. मामा मोरीच्या दाराशी टॉवेल गुंडाळून उभे राहायचे. मामी हातातलं काम टाकून यायची, कोपरापर्यंत हात बुडवायची आणि म्हणायची, "थांबा, भाजेल." गार पाणी घालायची, पुन्हा हात बुडवायची. "हं, जा आता." एवढा विद्वान माणूस, पण तिने सांगितल्याशिवाय आत पाऊल टाकायचा नाही. या काळात मुंग्यांबद्दल ते कमी बोलायचे. दूध उतू जाणंही थांबलं होतं.

मामी सत्त्याण्णव साली, चार दिवसांच्या तापाने गेली. त्या वर्षी थंडी बऱ्यापैकी पडली होती. एका सकाळी मी गेलो तर मामा गार पाण्याची बादली भरत होते. मी म्हटलं, "मामा, गीझर आहे की. आणि तुमच्याकडे थर्मामीटरही आहे."

"आहे ना," मामा म्हणाले. "आकडा अगदी बरोबर दाखवतो." त्यांनी नळ बंद केला. "पण 'थांबा' म्हणत नाही रे."

मग ते आत गेले आणि दार लोटून घेतलं. पहिला तांब्या अंगावर पडल्याचा आवाज आला, त्यापाठोपाठ त्यांचे दात वाजल्याचा. मी बाहेर बसून राहिलो.