सभा दुसऱ्या मजल्यावर होती

मंडळी, आज दौंडच्या सभेहून आलोय, तवापासून घास गोड लागेना, म्हणून तुमच्यापुढं मन मोकळं करतो.

आमच्या शिरूरची सुनीता पोलिओमुळं कुबड्यांवर चालते. अपंगांना दवाखाना गाठताना काय सोसावं लागतं, यावर ती गावोगाव हिंडून संशोधन करतीय. आज ते पहिल्यांदाच साहेबलोकांपुढं मांडायचं होतं. मी सोबतीला गेलो होतो.

सभा दुसऱ्या मजल्यावर, आन् लिफ्ट नाही.

आयोजक म्हणाले, "मॅडम, खुर्चीत बसा. चौघं उचलून नेतील."

"चौघांनी उचलायला मला अजून वेळ हाय, साहेब. सभाच खाली घ्या."

"आता कुठं हलवता? सगळे बसलेत. तुमचे कागद द्या, आम्ही वाचतो."

पोरीनं कागद दिले, कारण त्यात गावोगावच्या माणसांची गाऱ्हाणी होती. ती गाऱ्हाणी तरी वर पोचायलाच हवी होती.

आम्ही दोघं खालच्या पायरीवर बसून राहिलो. बऱ्याच वेळानं वरून टाळ्या ऐकू आल्या.

सुनीतानं विचारलं, "आबा, दवाखान्याच्या पायऱ्यांचं पान त्यांनी वाचलं असंल का वो?"

तेच आता तुम्हाला विचारतो, मंडळी. तुमच्यापैकी कुणी वर बसलं होतं का?