कूस बदलली की विचार

ऑफिसात तिला सगळे गोगलगाय म्हणत. संथ ती नव्हती, तिचा प्रोग्राम होता. रुग्णवाहिका शहरभर फिरताना कुणाचा वायरलेस संदेश कुणापर्यंत पोचतो आणि कुठे विरतो, हे ती कॉम्प्युटरमधल्या खोट्या शहरात चालवून बघायची. त्या शहरात एक तास सरायला खरा अख्खा दिवस जायचा.

"हिची गाडी पोचेस्तोवर पेशंट बरा होऊन कामाला लागेल," शेजारच्या टेबलावरचा टवाळ म्हणे. तीही हसे. पण प्रमुख बाई हसत नव्हत्या. "सोमवारी टॉवरच्या जागा ठरणार. तुझे आकडे नसले, तर सगळं अंदाजपंचे होईल."

शनिवारी ती लॅपटॉप घेऊन माहेरी आली. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. आईचं एकच चाललेलं: "दुखतंय का? आता? आता दुखतंय?"

"अगं, कूस बदलली की विचार!" बाबा वैतागले. "मी हललोच नाही, तर उत्तर कसं बदलेल?"

तिचा कप ओठांपाशीच थांबला. तिचा प्रोग्राम थेट आईवर गेला होता! दारात उभ्या असलेल्या गाडीलाही क्षणोक्षणी विचारायचा, ऐकू येतंय का, ऐकू येतंय का. तिने लगेच बदल केला: हलेल त्यालाच विचारायचं. प्रोग्राम वाऱ्यासारखा सुटला. पण जुन्या प्रोग्रामने तोवर काढलेल्या थोड्या आकड्यांशी ताडून पाहिलं, तर मेळच बसेना. तिचं तोंड एवढंसं झालं.

तेवढ्यात आतून बाबा ओरडले. आई पलंगाच्या कडेला टेकली होती.

"आता कुठे हललात तुम्ही?"

"मी नाही, तू हललीस! कळ मात्र मला आली!"

ती मोठ्यांदा हसली. दोघांनाही वाटलं, पोरीला कामाचा ताण झेपेना. पण चूक सापडली होती. एक गाडी सरकली, की तिच्या वायरलेसच्या खरखरीने शेजारच्या उभ्या गाडीचं ऐकणंही बिघडतं. म्हणजे हलणाऱ्याला विचारायचं आणि त्याच्या शेजाऱ्यांनाही. बाकीच्यांना झोपू द्यायचं.

या खेपेला आकडे जुळले, आणि प्रोग्रामचा वेगही टिकला.

सोमवारी बाईंनी नकाशावर टॉवरच्या जागा तिच्याच आकड्यांवरून मांडल्या. टवाळाने डोकं खाजवलं. "आता तुला काय म्हणायचं गं?"

"गोगलगायच म्हण. फक्त जपून, चावते."

बाहेर येऊन तिने घरी फोन लावला. आईचा आनंद आवाजात मावत नव्हता. "अगं, आज यांनी आपणहून कूस बदलली!"

"मग? विचारलंस की नाही?"

"विसरलेच बाई," आई म्हणाली आणि फोन तसाच टाकून आत पळाली.