वेल्सकाकांची चौथी इयत्ता

वैशाखात अंगावर बनियनसुद्धा नकोसं होतं, तेव्हा गळ्याला लोकरीचा हिरवा मफलर गुंडाळून अंगणात बसणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. आमचे शेजारी वेल्सकाका. शनिवारी संध्याकाळी ते रेडिओ कानाला लावून बसले, की रोह्याजवळच्या वरसेतल्या आमच्या चाळीत पोरंसुद्धा हळू बोलायची. कौतुकाने नव्हे हो, भीतीने.

काका मूळचे पेणकडचे, खाडीकाठच्या मिठागरवाल्यांच्या घरातले. तरुणपणी जहाजावर खलाशी होते. वेल्सच्या एका बंदरात जहाज दुरुस्तीला दीड महिना अडकलं, तेव्हा गोदीतल्या एका हमालाने त्यांना तिथल्या क्लबाची फुटबॉल मॅच दाखवली आणि कुडकुडतात म्हणून गळ्यातला मफलर काढून दिला. झालं! माणूस परत आला, रोह्यात राहिला, धाटावच्या एका कंपनीत बॉयलरवर लागला, बायको आली, पोर झालं. जीव मात्र त्या क्लबात. त्याचा सगळा इतिहास त्यांनी वहीत उतरवला होता. वेल्सचा क्लब इंग्रजांच्या लीगमध्ये कशाला खेळतो, असं मी एकदा विचारलं.

"घरात मोठी लीग नव्हती, बाला. मग करतील काय? मी नाय का पेणचा असून रोह्याच्या संघातून कबड्डी खेळलो? परक्याच्या अंगणात खेळायचं तर दुप्पट खेळायचं. हरलो तर रडायला कोण येत नाय."

त्या लीगच्या चार पायऱ्या. काका त्यांना इयत्ता म्हणत; फक्त ही शाळा उलटी, पहिली सगळ्यात वरची. क्लब दुसरीतून तिसरीत घसरला, त्या वर्षी काकू काविळीने गेल्या. तिसरीतून चौथीत घसरला, त्या पावसाळ्यात काकांच्या गावची खारबंदी फुटली, खाडीचं पाणी आत घुसलं आणि भावाची भातशेती मिठाने मेली. काकांनी क्लबाचं घसरणं आणि घरातलं दुःख दोन्ही वेळा एकाच ओळीत लिहून ठेवलं. माझी आई चिडायची. "काका, तिकडं गोरे चेंडू लाथाडतात नि हितं आमच्या पोटात गोळा! जाळा ती वही."

"वही जाळून खाडीचं पानी मागं जाईल काय गो?" काका म्हणायचे.

मी हसायचो. चार बुकं शिकलेला ना मी!

आणि एका वर्षी क्लब चौथीतही शेवटच्या नंबरावर आला. चौथीच्या खाली काही नव्हतं. तिथून नाव कापलं की शाळाच सुटली. एकच मॅच उरली होती, ती जिंकली तरच वाचणार. काकांचं अन्नावरचं मन उडालं. त्यांच्या घरात आता एकच माणूस उरलं होतं, मुलगा विलास. तो आणि मी धाटावला एकाच प्लांटमध्ये होतो, शिफ्ट तेवढी वेगळी. शनिवारी मॅच, आणि शनिवारी विलासला दुसरी शिफ्ट.

शुक्रवारी काका आमच्या दारात आले. "बाला, उद्या विलासची शिफ्ट तू करशील? त्याला पेनला न्यायचाय. पोरगी बघायची हाय."

बोलताना माझ्याकडे बघेनात. मला सगळं कळलं. म्हणजे असं बघा, ज्या जागी मरण येणार अशी या माणसाची खात्री होती, तिथे तो मला उभं राहायला सांगत होता. ज्याने मला लहानपणी खांद्यावर बसवून कबड्डीचे सामने दाखवले, तो. राग यायला हवा होता. पण माझा मुळी विश्वासच नव्हता, त्यामुळे हसू आलं. "जातो की! त्यात काय?" मी म्हणालो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

पुढचं आईने सांगितलेलं. शनिवारी पेणला कोणी गेलं नाही. काकांनी विलासला घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. चाळीत जेवणं आटपत होती, तेवढ्यात काका अंगणात ओरडले, "वाचला! क्लब वाचला!" क्लब जिंकला होता. काका मफलर फिरवत नाचले, घरोघर गूळ वाटला. आईच्या हातात गूळ होता, तेव्हाच कंपनीचा भोंगा वाजला. शिफ्ट सुटायला अजून बराच वेळ होता. काका जागच्या जागी खाली बसले.

एका व्हॉल्व्हची गॅस्केट गेली होती आणि ॲसिड माझ्या तोंडावर उडालं होतं. डावा डोळा गेला. त्या व्हॉल्व्हपाशी एरवी विलास उभा असायचा.

इस्पितळात काका रोज यायचे. पेज भरवायचे, तोंड पुसायचे, पण नजर वाटीवर. त्यांच्या हिशेबाने तर क्लब वाचला होता, त्या दिवशी कुणालाच काही व्हायला नको होतं. पुढच्याच वर्षी क्लबाचं नाव लीगमधून कापलं गेलं. पेपरात चार ओळी आल्या, मी त्यांना दाखवल्या. "आसंल," एवढंच म्हणाले. त्या वर्षी त्यांच्या घरात काही वाईट झालं नाही. विलासचं लग्न झालं.

मग काका थकले आणि भावाकडे पेणला राहायला निघाले. मी त्यांना रोह्याच्या स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"बाला, खरं सांग. त्या दिशी मी शिफ्ट का बदलायला लावली, तुला म्हाईत व्हतं?"

"नाय, काका."

आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या, ही एकच विचार करून मारली. ती त्यांना पटली नाही. गाडी हलली, तसा त्यांनी माझा हात सोडला आणि बापाच्या वयाच्या त्या माणसाने माझ्यापुढे हात जोडले. मी "काका, नको" म्हणत गाडीबरोबर धावलो, पण त्यांनी ते खाली घेतले नाहीत.